डिस्क उडाल्या नव्हत्या, भाऊ

आमचा संगणक ‘अपग्रेड’ करून गेलेल्या भाऊंस,

“काका, डिस्क जुन्या होत्या, उडाल्या. टेन्शन घेऊ नका, नवीन टाकून देतो,” एवढे बोलून तुम्ही बॅग उचललीत आणि औरंगपुऱ्याच्या गर्दीत गाडी घातलीत. तेव्हापासून तुमचा फोन वाजतो, उचलला जात नाही. म्हणून चारचौघांत लिहितो: डिस्क उडाल्या नव्हत्या. दोन्ही आजही ठणठणीत चालतात. उडाले ते त्यांच्यावरचे काम, आणि ते तुम्ही उडवलेत.

माझे दुकान टायपिंगचे. स. भु. कॉलेजची मुले प्रोजेक्ट घेऊन येतात, विद्यापीठातले संशोधक प्रबंध आणतात. 2 टीबीच्या दोन डिस्क मिळून एकच मोठी डिस्क दिसेल, अशी जोडणी काही वर्षांपूर्वी तुम्हीच करून दिली होती. रेड झिरो. “काका, डबल स्पीड,” म्हणाला होतात. ती कशी चालते, हे मात्र सांगितले नाहीत. प्रबंधाच्या विषम ओळी एका वहीत आणि सम ओळी दुसऱ्या वहीत लिहाव्यात, तशी ती चालते. एक वही गेली की दुसरी असून नसल्यासारखी. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी ‘रेड’ हे नाव रूढ करणारा निबंध लिहिला. त्यात 1 ते 5 अशा पायऱ्या होत्या आणि डिस्क गेली तरी माहिती वाचावी, हा त्यांचा हेतू होता. तुमची शून्याची पायरी त्यात नव्हतीच. त्या शून्यात वाचवणारे काही नसते. हे ठाऊक नसेल तर दुसऱ्याच्या कामावर ती लावायची कशाला? आणि ठाऊक होते, तर गप्प का राहिलात?

वेगळी प्रत मी ठेवली नव्हती. ती चूक माझी, आणि ज्यांचे काम गेले त्यांच्यासमोर मी ती कबूल केली आहे. पण त्या दुपारी जे केलेत ते तुमचे. नवीन मदरबोर्ड बसवलात, पण त्यावर जुनी जोडणी चालू केली नाहीत. साहजिकच विंडोजला दोन अनोळखी डिस्क दिसल्या आणि त्याने विचारले, इनिशिअलाइज करू? हा प्रश्न कोऱ्या डिस्कसाठी असतो. तुम्ही मला न विचारता दोन्हींना ‘हो’ म्हणालात. त्या होकाराने डिस्कच्या सुरुवातीला लिहिले गेले आणि शेवटीही. जुन्या बोर्डाने जोडणीची नोंद नेमकी शेवटीच ठेवली होती. ती पुसली गेली. इथे थांबला असतात तरी सगळे परत आले असते. तुम्ही एक डिस्क फॉरमॅट केलीत आणि तिच्यावर तुमचे ड्रायव्हर नि सेटअप, काही जीबी, ओतलेत.

पुढचे काम शहरातल्याच एका मुलाने केले. त्याने आधी दोन्ही डिस्क काढून त्यांच्यावर चिकटपट्टी लावली: एक, दोन. मग प्रत्येकीची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर घेतली. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही, हा त्याचा पहिला नियम. त्यानंतर शोध. आधी कोणती, नंतर कोणती? एका वेळी एका डिस्कवर लिहिला जाणारा तुकडा केवढा? 128 केबी धरून पाहिले तर छोट्या फाइली उघडत, मोठ्या फोटोंचा वरचा पट्टा बरा आणि खाली रंगांचा चिखल. 64 धरले आणि एका स्मरणिकेचे मुखपृष्ठ कडेपर्यंत उघडले. त्या रात्री मी दुकानात रडलो.

औरंगपुऱ्यात नाथमंदिर आहे. तुम्ही रोज त्यावरून जाता. एकनाथांनी 1584 मध्ये पैठणला ज्ञानेश्वरीच्या अनेक पोथ्या ताडून पाहिल्या, मध्ये घुसलेले पाठ काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. चारशे वर्षांपूर्वी बिघडलेला मजकूर परत मिळाला, कारण ताडायला पोथ्या होत्या. आमच्याकडे दोन अर्ध्या वह्या होत्या आणि त्यातल्या एकीवर तुम्ही लिहून ठेवलेले.

बहुतेक काम परत आले. काही फाइलींची नावे गेली. त्या एकेक उघडून मी ओळखल्या. पण जे तुमच्या ड्रायव्हरखाली गाडले गेले, ते कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडणार नाही. त्यात एका संशोधक मुलीची रेकॉर्डिंग होती. पैठण तालुक्यातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या. मोबाइल भरला म्हणून तिने त्या माझ्याकडे ठेवल्या होत्या. आजी आता नाहीत.

फाइल वाजते. 64 केबी म्हणजे त्या रेकॉर्डिंगमधले साधारण 4 सेकंद. तुम्ही एकाच डिस्कवर लिहिलेत, म्हणून 4 सेकंद आजींचा आवाज येतो, मग 4 सेकंद काही नाही. पुन्हा आवाज, पुन्हा काही नाही. शेवटपर्यंत तसेच.

त्या मुलीने ती माझ्यासमोर पूर्ण ऐकली. तुम्हीही दुकानात या आणि बसून ऐका. पैशांचे मी विचारणार नाही.