ताणाताणी

अमेरिकेत गालिचा ताणायचं जे हत्यार आहे, ते गुडघ्याने चालवायचं असतं. नाव नी-किकर. पुढे दातेरी पंजा, मध्ये हातभर लोखंडी नळी, मागे जाड गादी. कारागीर रांगत भिंतीशी येतो, पंजा गालिच्यात रुतवतो आणि मागच्या गादीवर गुडघ्याची अशी धडक देतो की गालिचा पुढे सरकून भिंतीलगतच्या तिरप्या खिळ्यांत अडकतो. मग पुढची धडक. तासाला शंभराच्या वर.

१९९० साली नायॉश या तिथल्या सरकारी संस्थेने या गुडघ्यांबद्दल चक्क इशारा काढला. देशातल्या एकूण कामगारांत गालिचे बसवणारे ०.०६ टक्क्यांहून कमी. पण गुडघ्याच्या दुखापतीच्या भरपाईचे ६.२ टक्के दावे त्यांचे. एका धडकेत गुडघ्यावर माणसाच्या वजनाच्या सुमारे चौपट जोर येतो म्हणे.

हा सगळा प्रकार मुलुंड पूर्वेच्या एका काकांनी मुलाच्या घरी, न्यू जर्सीत, याचि डोळा पाहिला. मुलाच्या हॉलमधल्या गालिच्याला सोफ्यापासून जिन्यापर्यंत लाट आली होती. मूळचा सैल बसवलेला, त्यात दमट हवा, वर सोफ्याची ओढाओढ; गालिच्याला लाट यायला एवढं पुरतं. दुरुस्तीला आलेला माणूस धडका देत होता आणि काका गालिच्याऐवजी त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. प्रत्येक धडकेला कळ काकांच्या चेहऱ्यावर उमटत होती. माणूस गेल्यावर त्यांनी जाहीर केलं, "यात सुधारणा पाहिजे."

काकांची उभी हयात मशीन शॉपमध्ये गेलेली. दुसऱ्याने बनवलेली वस्तू आहे तशी वापरणं म्हणजे त्यांच्या लेखी आळस. त्यांनी दुकानातून एक नी-किकर विकत घेतला. सात इंचांहून लांब हत्यार तिकडे विमानात हाताशी ठेवू देत नाहीत, त्यामुळे तो सामानाच्या बॅगेत गेला आणि तेवीस किलोंचं गणित जमवण्यासाठी काकूंचे बदाम बाहेर आले. काकूंनी त्या हत्याराचं नाव 'गुडघेदुखी' ठेवलं, ते त्या क्षणापासून.

मुलुंडहून वागळे इस्टेट जवळ. तिथल्या एका गाळ्यात काकांचा जुना टर्नर होता. दोघांनी मागची गादी काढली, नळी वाढवली, शेवटाला स्क्रू जॅक बसवला. आता धडक द्यायची गरज नाही. मागचं टोक समोरच्या भिंतीला टेकवायचं, दांडा फिरवायचा, की पंजा गालिच्यासकट पुढे. काकांनी व्हिडिओ कॉलवर मुलाला सगळं समजावून सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हे ऑलरेडी मिळतं. पॉवर स्ट्रेचर म्हणतात. त्या इशाऱ्यातही हेच वापरा असं लिहिलंय."

"म्हणजे दिशा बरोबर आहे," काका म्हणाले.

अडचण एकच होती. मुलुंडमध्ये ताणायला गालिचा कुठे?

तसा तो एके काळी होता. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उपनगरातल्या हौशी घरांमध्ये भिंत ते भिंत कार्पेट टाकायची टूम निघाली होती. पाहुणे चपला बाहेर काढून, पाय पुसून आत यायचे आणि कार्पेटच्या भीतीने चहा खुर्चीच्या टोकावर बसून प्यायचे. पुढे जून उजाडायचा. चार महिने घरात कपडे वाळत नाहीत, तिथे कार्पेट काय वाळणार? सप्टेंबरपर्यंत त्याला असा वास यायचा की पाहुण्यांना घरात ओलं कुत्रं असल्याची शंका यावी. तळमजल्यावर ज्यांची कार्पेटं तरीही टिकली होती, त्यांचा हिशोब २६ जुलै २००५ला चुकता झाला. सांताक्रूझ वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. आता उपनगरात कार्पेट उरलं आहे ते मुख्यत्वे बिल्डरच्या करारनाम्यात, आणि तिथेही अजब प्रकार आहे: २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरली आहे. म्हणजे कागदोपत्री गालिचा भिंतीच्या पोटातूनही जातो. तो ताणणारं हत्यार मात्र अजून कुणी काढलेलं नाही, नाहीतर काका तेही घेऊन आले असते.

काकांच्या माळ्यावर त्या टुमेच्या काळातलं एक तपकिरी कार्पेट गुंडाळून ठेवलेलं होतं. ते खाली आलं, त्यामागून एक झुरळही आलं, आणि हॉलमध्ये चाचणी सुरू झाली. समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट होतं. ते सरकवलं. शोकेस होती. तीही सरकवली. जॅकचं टोक शेवटी भिंतीला टेकलं, काकांनी दांडा फिरवला, कार्पेट खरोखरच पुढे सरकलं आणि दारावरची बेल वाजली. साडेचार इंची भिंतीच्या पलीकडे शेजारच्या गुजराती भाभींचं स्वयंपाकघर होतं. त्यांच्या मांडणीवरचे डबे आपणहून चालायला लागले होते. वर दुपारची वेळ. "काका, दोन ते चार ड्रिलिंग बंद छे ने?"

काकांनी जॅक सैल केला. कार्पेट होतं तिथे परत गेलं.

इथे काकांना जे उमगलं ते न्यू जर्सीत नजरेतून सुटलं होतं. ताणणं हे अर्धंच काम. ताणलेलं धरून ठेवायला काहीतरी लागतं. तिकडे जमीन लाकडी, भिंतीकडेने खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या की झालं. इकडे मोझॅकवर खिळा मारला तर खिळा वाकतो, नाहीतर लादी तडकते, आणि लादी तडकली तर काकू. म्हणून मुंबईत कार्पेट ताणत नसत, सोल्युशनने चिकटवत.

हार न मानता काकांनी हत्यार सोसायटीच्या गणेशोत्सवाला वाहिलं. मंडपात अंथरायला लाल-हिरवं फेल्ट येतं. ते विणलेलं नसतं, धागे दाबून एकमेकांत गुंतवलेले असतात. पंजाचे दात त्यात शिरले आणि फेल्टाची लांबलचक चिंधी घेऊन बाहेर आले. मंडपवाल्याचा पोरगा बांबूवर बसून बघत होता. तो म्हणाला, "हे ताणत नाय काका. टाकायचं न् वर खुर्च्या मांडायच्या." प्लॅस्टिकच्या शंभर खुर्च्यांखाली फेल्ट खरोखरच निमूट पडून राहिलं. चिंधीवर पूजेचं टेबल आलं.

खरं तर मराठी माणसाचं ज्या अंथरणाशी जन्माचं नातं आहे ती सतरंजी. अकोटची असो की येरवड्याच्या तुरुंगात विणलेली, तिला हत्यार लागत नाही. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, एकाने "हं" म्हणायचं, एक झटका, की सपाट. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३पासून आहे. त्याच्यासारख्या संस्थांमधून उपनगरांनी जी व्याख्यानं, गाणी, सभा ऐकल्या त्या बऱ्याचशा सतरंजीवर मांडी घालून. सतरंजी घालणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि उचलणाऱ्याला तर त्याहून नाही, हे मात्र खरं. एरवी तिकीट कापलं गेलेला कार्यकर्ता "आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?" असं टीव्हीवर कशाला विचारता?

हत्याराचं नशीब उघडलं ते काकांच्या वृद्ध सासूबाईंमुळे. त्यांना गादीच्या पलंगावर झोप येत नाही. नवारीची लाकडी खाट लागते. खाटेची झोळी झाली होती. त्यांच्या माहेरी बाज होती, आणि बाज विणणारा काकांपेक्षा हुशार. तो पायथ्याशी वीतभर जागा सोडून तिथे वेगळी दोरी ओवतो. बाज सैल पडली की ती दोरी ओढायची, पुन्हा टणक. ताणायचं साधन बाजेतच. नवारीच्या खाटेला ही सोय नाही. पट्टी एका टोकाने उकलायची, गात्याला पाय लावून खेचायची, चुका ठोकायच्या, आणि खेचणारा दमला की ती पुन्हा ढिली. पूर्वी हे करून देणारे दारावर येत. आता टॉवरच्या गेटवर त्यांची नोंद कोण करणार आणि ओटीपी कोण सांगणार?

काकांनी जॅकचं टोक एका गात्याला टेकवलं आणि पंजा समोरच्या गात्याजवळ नवारीत रुतवला. नवार घट्ट विणीची. दात बसले, पण फाटलं काही नाही. दांडा फिरवला, पट्टी तार झाली, काकूंनी लाकडात चुका मारल्या. खाटेची दोन गाती समोरासमोर असतात, त्यांत खिळा जातो आणि त्यांच्यामागे कुणाचं स्वयंपाकघर नसतं. गालिच्याला मुलुंडमध्ये जे जे मिळालं नाही ते सगळं खाटेपाशी हजर होतं. सासूबाईंनी आडवं होऊन पाहिलं आणि निकाल दिला, "जावईबापू, जरा जास्तच ताणलंत."

बातमी लिफ्टमधून पसरली. वार्षिक सभेत कुणीतरी सुचवलं की हे हत्यार सोसायटीने ठेवून घ्यावं. खजिनदारांनी लगेच उपविधी काढले: दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के, सिंकिंग फंड ०.२५ टक्के, दोन्ही इमारतीसाठी; सभासदांच्या सासूबाईंच्या खाटा यांत बसत नाहीत. पाऊण तास वाद झाला. पाणीगळतीचा विषय नेहमीप्रमाणे पुढच्या सभेत ढकलला गेला आणि हत्यार वॉचमनच्या केबिनमध्ये, वहीत सही करून न्यायचं, असं ठरलं.

पहिली सही बी विंगची पडली. त्यांच्याकडे खाट नाही. गच्चीवरची कपड्यांची तार लोंबते आहे, आणि काका टेप घेऊन दोन खांबांमधलं अंतर मोजायला वर गेले आहेत. गुडघे दुखतात म्हणून लिफ्टने.