कागद अमर, गुरुजी परीक्षार्थी

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र पूर्वी 7 वर्षांत शिळं व्हायचं. 2021मध्ये केंद्राने ते आजन्म केलं, तेही 2011पासून मागे जाऊन. कागद अमर झाला. (माणसांचं सवडीने बघू.) सवड 1 सप्टेंबर 2025ला मिळाली. सर्वोच्च न्यायालय टीईटी न झालेल्या नोकरीतल्या शिक्षकांना म्हणालं, निवृत्तीला 5 वर्षांहून जास्त उरली असतील, तर 2 वर्षांत टीईटी पास व्हा, नाहीतर घरी बसा. आता बुटीबोरीकडचे पन्नाशीला टेकलेले गुरुजी खिचडीचा तांदूळ रजिस्टरात चढवून झाला, की बालमानसशास्त्राचं गाईड उघडतात. खुल्या प्रवर्गाला 150पैकी 90 हवेत. परीक्षेला शेजारच्या बाकावर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला तर?

“सर, तुमीबी?”

“हो रे बाप्पा. पेपर झाकू नको फक्त.”