घरोघरी मातीच्या चुली (टॅबलेट वगळून)

स्वयंपाकघरातल्या धुराचा सर्व्हे करायला मी साताऱ्याकडच्या एका गावात गेलो, तेव्हा गळ्यात ओळखपत्र होतं, हातात टॅबलेट होता आणि संख्याशास्त्र तर नुसतं ओसंडत होतं. आजींना विचारलं, "स्वयंपाक मुख्यतः कशावर करता?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हाच प्रश्न असतो.

"ग्यासवर की!" आजींनी कोपऱ्यातला सिलिंडर दाखवला. त्याला क्रोशाचा झालरवाला अभ्रा होता. मी 'एलपीजी'वर टिचकी मारली. टॅबलेटनं चुलीचे सगळे प्रश्न गिळले आणि मला थेट शौचालयावर नेऊन सोडलं.

डोळे मात्र चुरचुरत होते. मागच्या पडवीत चुलीवर भाकरी फुगत होती.

"आणि ही?"

"ही व्हय? ही भाकरीपुरती. ग्यासवरच्या भाकरीला चव न्हाई बाबा. ग्यासवर च्या करतो, तुमच्यासारखं पाव्हनं आलं म्हंजी."

परसात तांब्याचा बंब धुमसत होता. पण अंघोळीचं पाणी म्हणजे स्वयंपाक नव्हे, त्यामुळे आमच्या प्रश्नावलीत बंबाला जागाच नव्हती. 2016 साली उज्ज्वला योजना आली, गावोगाव सिलिंडर पोचले, तरी चूल आणि गॅस एकाच घरात नांदतात, हे या विषयातलं बाळबोध ज्ञान. मला ते परीक्षेलाही आलं होतं.

सांगण्यावर विसंबू नये, मोजावं, म्हणून सूक्ष्मकण मोजणारं यंत्र लावायला घेतलं. नियम असा: चुलीपासून मीटरभर लांब, जमिनीपासून दीड मीटर उंच, म्हणजे उभ्या बाईच्या नाकाशी. आजी पाटावर बसून भाकरी थापत होत्या. मी नियमावलीकडे पाहिलं, आजींच्या नाकाकडे पाहिलं आणि खिळा दीड मीटरवरच ठोकला.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आकडे उतरले आणि मी हरखलोच. पीएम 2.5 साठी चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम, आपल्याकडे 60. आजींची पडवी चक्क 60 च्या आत! 'पारंपरिक घरांतील खेळती हवा' असा परिच्छेद मनातल्या मनात लिहूनही झाला.

यंत्र काढायला गेलो, तर खिळा मोकळा. यंत्र पुढच्या सोप्यात, फडताळात, धुतलेल्या रुमालावर विराजमान.

"म्हागाचं आसंल," आजी म्हणाल्या. "धुरानं काळं पडलं आसतं. म्हनून तुमी गेल्या गेल्या हितं आनून ठिवलं."

चहा आला, गॅसवरचा. टॅबलेटवर शेवटचा रकाना उरला होता: यंत्राची स्थिती.

'उत्तम', मी भरलं.