चौतीस द्या!

२०१३ च्या मे महिन्यात मुंबई महापालिकेच्या सभागृहाने एक ठराव मंजूर केला. पावसाळा तोंडावर आला होता, तरी सभागृहाने वेळ काढला. विषय होता दुकानांच्या दारांत अंतर्वस्त्रं घालून उभ्या असलेल्या पुतळ्यांचा. असे पुतळे पाहून पुरुषांची मनं बिघडतात, सबब ते हटवावेत, असं ठरलं. त्या पुतळ्याला ती ब्रा नीट बसते का, हा प्रश्न अर्थातच ठरावाच्या कक्षेबाहेरचा. नसतेच बसत. पाठीमागे जाऊन पाहिलंत तर पट्टा चिमटीत धरून टाचण्या लावलेल्या दिसतील. पुतळ्याची निदान टाचणीवर तरी सोय होते. आत आलेल्या गिऱ्हाइकाची तेवढीही होत नाही.

हे गिऱ्हाईक दुकानात शिरतं ते आत पुरुष किती आहेत हे मोजून. पुढच्या सगळ्या खरेदीत मोजमाप असं काय ते एवढंच.

काउंटरपलीकडचा दादा विचारतो, “साइज काय ताई?”

ताई आवाज खाली आणून म्हणतात, “चौतीस.”

हे चौतीस आलं कुठून? आईकडून. आईला कोणी सांगितलं? दुकानदाराने. दुकानदाराला कसं कळलं? त्याच्याकडे त्या दिवशी चौतीसच शिल्लक होती. अशा रीतीने घराण्याचं माप ठरतं आणि कुलाचारासारखं पुढच्या पिढीकडे जातं.

“बी की सी?” हा दादाचा पुढचा प्रश्न. इथे ताई जरा थबकतात आणि ‘बी’ म्हणतात. ‘ए’ म्हणावं तर कमीपणा, ‘सी’ म्हणावं तर आगाऊपणा, आणि ‘डी’ तर चांगल्या घरातल्या बायकांना नसतंच. ज्यांना एवढंही बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी दादाची नजर आहे. एकदा वर, एकदा खाली, आणि निकाल जाहीर : “छत्तीस लागेल.” भूमी अभिलेख खात्याने ही विद्या शिकून घेतली तर राज्यातल्या सगळ्या मोजण्या एका दुपारीत उरकतील.

घालून पाहायची सोय? भिंतीवर पाटी आहे : ‘अंतर्वस्त्रे बदलून अथवा परत घेतली जाणार नाहीत.’ हल्ली लग्नंसुद्धा याहून अधिक चौकशी करून ठरतात. मग माल आधी वर्तमानपत्रात गुंडाळला जातो आणि नंतर काळ्या पिशवीत घातला जातो. या सदराचा अखेरचा उपयोग तोच होणार, याची लेखिकेला पूर्ण कल्पना आहे.

आता हीच ताई ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा पाहा. उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, दंडघेर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, टक्स पॉइंट अशी सगळी मापं वहीत उतरतात. वर मापाचा ब्लाउज सोबत दिलेला असतोच. कटोरी हवी की प्रिन्सेस कट, यावर अर्धा तास खल होतो. मागचा गळा अर्धा इंच खाली गेला तर मास्तरांशी आठ दिवस अबोला. या सगळ्या दहा-बारा मापांच्या खाली मात्र अंदाजाने घेतलेली, गेल्या दिवाळीच्या आधीच इलॅस्टिक गेलेली ती ब्रा असते. मास्तर टेप धरतात ती तिच्यावरूनच. ब्रा बदलली की छातीचं माप बदलतं, टक्स पॉइंट एखाद-दीड इंच वर-खाली होतो, आणि नव्या ब्लाउजची कटोरी भलत्याच जागी येते. बिचारे मास्तर शिव्या खातात. आतल्या कपड्याच्या विषयाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे खरा आरोपी कायम मोकाट.

खांद्यावरून स्ट्रॅप घसरते? त्यावरही मास्तरांकडे उपाय तयार असतो. ब्लाउजच्या आत, खांद्यापाशी, एक छोटी पट्टी आणि तिला टिचबटण. स्ट्रॅप त्यात अडकवली की प्रश्न मिटला. ज्याचं मूळ कारण बोलायचं नाही, त्याच्यावर असं टिचबटण लावून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी कार्यपद्धती आहे.

वास्तविक मामला चौथीच्या वजाबाकीचा आहे. छातीच्या लगेच खाली, बरगड्यांवरून, श्वास सोडून, टेप आडवी आणि घट्ट धरून घ्यायचं पहिलं माप. तो पट्ट्याचा आकडा. छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप न आवळता घ्यायचं दुसरं. दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. एक इंच उरला तर ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डबल डी. म्हणजे ‘डी’ हा चारित्र्याचा दाखला नव्हे, चार इंचांची बाकी आहे. शिवाय आकड्याशिवाय अक्षराला काही अर्थ नाही. नुसतं ‘डी’ सांगणं म्हणजे इमारतीचं नाव न देता ‘फ्लॅट नंबर चार’ असा पत्ता देणं. ३०-डी ची बाई सडपातळ असू शकते आणि ४०-बी ची भरदार.

पण वजाबाकी इतकी सरळ राहिली तर तो आपला बाजार कसला? काही तक्ते सांगतात, खालच्या मापात आधी चार-पाच इंच मिळवा. का? पूर्वीपासून मिळवतात म्हणून. आता खालचं माप ३२ आणि वरचं ३७ असलेली एक बाई घ्या. पहिल्या तक्त्यात ती ३२ डबल डी. दुसऱ्यात बत्तिसाचे छत्तीस होतात, बाकी एक इंच उरते, आणि तीच बाई ३६-ए ठरते. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाईपर्यंत चार इंचांनी रुंद आणि चार अक्षरांनी सपाट! इतक्या वेगाने बदलणारं दुसरं काही दाखवायचं तर फक्त आमदारांची निष्ठा.

समजा, ताईंचं माप ३२-डी निघालं. दादाकडे ती नसते. “छत्तीस-बी न्या ताई, एकच पडतं.” यात तो अर्धं खरं बोलतो. ३२-डी, ३४-सी आणि ३६-बी यांच्या कपात मावतं तेवढंच. फक्त पट्टा चार इंच लांब होतो, आणि भार उचलायचा असतो तो मुख्यतः पट्ट्याने. पट्टा सैल पडला की तो पाठीवर वर वर चढतो, समोरचा भाग खाली येतो, आणि सगळं ओझं दोन बोटं रुंदीच्या स्ट्रॅपवर पडतं. खांद्यावर वळ उठतात. मग ताई स्ट्रॅप आणखी आवळतात, पट्टा आणखी वर चढतो. घरी आल्यावर चहाच्याही आधी हुक काढून जो सुस्कारा सुटतो, त्याला आपण बाईच्या जातीचं नशीब म्हणतो. तो बहुतेकदा चुकीच्या आकड्याचा सुस्कारा असतो.

ही अक्षरं काही मनुस्मृतीतली नाहीत. १९३२ साली अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प कंपनीने ए ते डी अशी चार अक्षरं वापरायला सुरुवात केली. पुढे परदेशी तक्ते एफ, जी करत लांबवर गेले. गल्लीतल्या दुकानाने मात्र त्या पहिल्या चार अक्षरांवरची श्रद्धा ढळू दिलेली नाही. त्यातही डी वरच्या फळीवर, शिडी लावून काढायची.

आपलं स्वतःचं म्हणाल तर अगदी परवापरवापर्यंत भारतीय अंगाचा प्रमाण तक्ताच नव्हता. इंग्रज गेले, त्यांचं माप आपण ठेवून घेतलं. अखेर सरकारने मनावर घेतलं आणि निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे ‘इंडियासाइज’ पाहणीचं काम दिलं. मुंबईसह सहा शहरं, १५ ते ६५ वयाची २५,००० माणसं आणि त्रिमिती स्कॅनर. अंगाला टेप लावायची नाही, यंत्राने लांबूनच पाहायचं. पद्धत काउंटरवरच्या दादाचीच, फरक इतकाच की यंत्राला शिल्लक माल खपवायचा नसतो.

आपल्या अंगाचा तक्ता छापून दुकानात लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. नीट बसलेली ब्रा ओळखायला सरकारी यंत्र लागत नाही. पाठीवरचा पट्टा जमिनीला समांतर हवा आणि त्याच्याखाली दोन बोटं जेमतेम सरकली पाहिजेत. वायर असेल तर ती बरगडीवर टेकावी, मांसात रुतू नये, आणि दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला चिकटून बसावा. कपावरून मांस उतू जात असेल तर कप लहान, कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. घालताना जरा पुढे वाकून काखेकडचं सगळं हाताने कपात ओढून घ्यावं. निम्म्या बी त्या क्षणी सी होतात. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर बसायला हवी, कारण इलॅस्टिक सैलावत जाईल तसं आत सरकता येतं. दोन्ही बाजू सारख्या नसतात, तेव्हा मोठीच्या मापाने घ्यावी. आणि बाळंतपण, अंगावर पाजणं, वजन, पाळी जाणं यांपैकी काहीही झालं की पुन्हा टेप काढावी. लग्नातलं चौतीस लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत टिकावं, असा आग्रह नवऱ्याच्या पँटच्या बाबतीतही कोणी धरत नाही.

तर आमची एक नम्र सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या आणि स्टीलच्या वाट्या लुटून झाल्या. शेजारणींच्या घरी आता ठेवायला जागा नाही. यंदा वाण म्हणून शिलाईची टेप लुटा. दहा-वीस रुपयांत येते आणि पर्समध्ये मावते. तिळगूळ हातावर ठेवला की टेप ओटीत घाला, आणि कानात वजाबाकी सांगा. कुणी काकूंनी भुवया उंचावून विचारलंच, “अगं बाई, ही कशाला?”, तर बेधडक सांगा, “ब्लाउजच्या मापाला.” ब्लाउजच्या नावाखाली आपल्याकडे सगळं खपतं.