आगाऊ सूचना

कॉमिक्सच्या दुकानदाराची जगभर बदनामी केली ती ‘द सिम्पसन्स’ने. त्यातला तो लठ्ठ, दाढीवाला, गल्ल्यामागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तुच्छ लेखणारा मालक पाहिला की प्रेक्षक हळहळतात, बिचारी गिऱ्हाइकं! गल्ल्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं चित्र मात्र इतक्या तब्येतीने कोणी काढलेलं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याशा गावात कॉमिक्सचं एखादं दुकान असतं आणि त्या दुकानाला जितकी गिऱ्हाइकं, तितकेच सल्लागार असतात, कारण माणसं तीच. किराणा दुकानात जाऊन ‘तूरडाळ मुगाच्या शेजारी नको, सालाप्रमाणे लावा’ असं कोणी सुचवत नाही. इथे सुचवतात, कारण दुकान आपलंच आहे, किल्ल्या तेवढ्या त्या गृहस्थाकडे सोपवलेल्या आहेत, अशी नेहमीच्या गिऱ्हाइकाची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत प्रेमापोटीच होते, याबद्दल वाद नाही. पण प्रेमाने दिलेला सल्ला ऐकलाच पाहिजे, असं कुठे आहे? माझं म्हणणं एवढंच, की या धंद्यात गिऱ्हाइकाच्या तोंडाचं फारसं मनावर घेऊ नये. ऐकायचंच तर त्याच्या खिशाचं ऐकावं, आणि त्याहूनही त्याच्या पायांचं.

हे उद्धटपणाचं वाटू नये म्हणून आधी धंद्याचं गणित सांगतो. एके काळी अमेरिकेत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर मिळत आणि न खपलेले अंक परत जात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फिल स्यूलिंग या ब्रुकलिनच्या शाळामास्तरांनी प्रकाशकांपुढे वेगळाच सौदा मांडला: माल थेट द्या, सूट जास्त द्या, उरलेलं आम्ही परत करणार नाही. त्या सौद्यावर कॉमिक्सची खास दुकानं उभी राहिली आणि बऱ्याच अंशी आजही ती त्यातच अडकलेली आहेत. अंक येण्याच्या साधारण दोन महिने आधी यादी हाती पडते आणि मागणीचा आकडा बदलायची मुदत तीनेक आठवडे आधी संपते. तोवर तो अंक कोणी वाचलेला नसतो. कित्येकदा चित्रकाराचाही काढून झालेला नसतो. समजा, चार डॉलरचा अंक दुकानाला निम्म्या किमतीत पडला आणि पंधरा मागवले, तर तीस डॉलर गेले. नऊ खपले, छत्तीस आले. वरच्या सहा डॉलरांत भाडं, वीज आणि गल्ल्यावरच्या पोराचा पगार भागवायचा, आणि उरलेले सहा अंक पांढऱ्या लांबुळक्या खोक्यात घालायचे. असे खोके भिंतीला लागून वर्षानुवर्षं वाढत जातात. आपण ज्याला ‘जुन्या अंकांचा समृद्ध संग्रह’ म्हणतो, तो मुळात दुकानदाराच्या चुकलेल्या अंदाजांचा संग्रह असतो.

यावर उतारा म्हणून दुकानदाराने पुल लिस्टची सोय काढली. कुठली मालिका हवी ते एकदा सांगून ठेवा. तुमच्या नावाच्या फाइलीत तो अंक दर बुधवारी येऊन पडेल. बुधवार हा या पंथाचा वार. (२०२० साली डीसी या प्रकाशन कंपनीने आपले अंक मंगळवारी आणायला सुरुवात केली आणि २०२४ साली ती पुन्हा बुधवारावर आली. ‘सगळं एकाच दिवशी आणत जा की’ ही सूचना मधल्या काळात ज्या दुकानदाराला ऐकावी लागली, त्याचा या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता.) आगाऊ पैसे सहसा कोणी मागत नाही. म्हणजे तुमच्या नुसत्या शब्दावर दुसरा माणूस आपले पैसे गुंतवतो. सूचनेला एवढी किंमत दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळते? पण प्रत्यक्षात होतं काय, तर चार महिन्यांचे अंक साठून फाइल फुगलेली असते, रबरबँड तुटायला आलेलं असतं, आणि त्याच फाइलीचा धनी गल्ल्यावर कोपर टेकवून सांगत असतो, “कॉफीचं मशीन ठेवा, लोक जास्त वेळ थांबतील.” थांबणाऱ्यांची टंचाई या दुकानाला कधीच नव्हती.

सूचनांचं खरं उदंड पीक येतं ते जुन्या अंकांच्या खोक्यांपाशी. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ ए अक्षराखाली लावायचा की एस? ए म्हणावं, तर नवख्याला सापडणार नाही. एस म्हणावं, तर जाणत्याचा अपमान होतो. ‘अनकॅनी एक्स-मेन’ यूमध्ये शोधायचे की एक्समध्ये, यावर दोन सभ्य माणसं एका दुपारीत अबोला धरू शकतात. तिसरा म्हणतो, लेखकाप्रमाणे लावा. चौथ्याला चित्रकाराप्रमाणे हवे असतात, आणि एका अंकाला पेन्सिलवाला, शाईवाला आणि रंगवाला असे तिघे असतात हे लक्षात आणून दिलं, तर तो म्हणतो, मग प्रती वाढवा. पाचव्याचं म्हणणं पिशवीच्या चिकटपट्टीबद्दल. ती तोंडाशी असली तर अंक बाहेर काढताना मुखपृष्ठाला चिकटते आणि रंगाचा पापुद्रा घेऊनच निघते, म्हणून ती मागच्या पुठ्ठ्यावर खाली लावावी. ही सूचना, खरं सांगायचं तर, शहाणपणाची आहे आणि दुकानदाराने ती निमूट पाळावी. बाकीच्यांत एक गोष्ट समान असते. प्रत्येकाने ‘नव्या माणसाला सोपं जाईल’ या कारणासाठीच सूचना केलेली असते. हा नवा माणूस सूचनांमध्ये कायम वावरतो, दुकानात कधी दिसत नाही.

वेबसाइटवर तर हा उत्साह चौपट होतो, कारण तिथे खोके उचलावे लागत नाहीत. न्यू जर्सीतला आपला मराठी आयटीवाला पोराला घेऊन दुकानात गेला, तर तो कॉमिक आधी बघत नाही, दुकानाची साइट फोनवर किती सेकंदांत उघडते ते बघतो. त्याच्या पिढीला वेताळ भेटला तो इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत, पेपरवाल्याकडे नाहीतर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयात. तिथे सूचना एकच करायची सोय होती: पुढचा अंक माझ्यासाठी बाजूला ठेवा. इथे मात्र तो सुचवतो, की प्रत्येक अंक साइटवर टाका, शिल्लक किती ते क्षणोक्षणी दाखवा, आणि सर्च सुधारा. सूचना रास्त आहे, आणि तिच्यापायी दुकान बुडू शकतं. जुन्या अंकाची प्रत बहुधा एकच असते. साइट ‘शिल्लक १’ दाखवत असते तेव्हा ती प्रत दुकानात कोणाच्या तरी हातात असते, आणि तो ती घेईल, परत ठेवील की भलत्याच खोक्यात खुपसून जाईल, हे कुठल्याही सॉफ्टवेअरला कळत नाही. दोन डॉलरचा अंक साइटवर चढवायचा तर तो काढा, कण्याच्या घड्या मोजा, स्टेपलला गंज आहे का बघा, दर्जा ठरवा, पुढून-मागून फोटो घ्या. पंधरा मिनिटं गेली, म्हणजे नफा गेला. त्यानंतर दूरच्या गावाहून विचारणा येते, की खालच्या डाव्या कोपऱ्याचा जवळून फोटो मिळेल का. राहता राहिला सर्च. स्पायडर-मॅनचा पहिला अंक शोधला की ढीगभर उत्तरं येतात, ही तक्रार खरी आहे. पण मार्व्हलने या मालिकेचा ‘पहिला अंक’ १९६३ साली काढला, मग पुन्हा १९९९, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२२ साली काढला, आणि अलीकडच्या प्रत्येक वेळी वेगवेगळ्या मुखपृष्ठांचा ताफा सोबत दिला. सर्च बिचारा खरं तेच सांगतो आहे.

कोणी म्हणेल, हे एकतर्फी झालं. ही दुकानं एके काळी काळोखी, कोंदट, बायका-मुलांना नकोशी वाटणारी होती; गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं नसतं तर सुधारली असती का? आक्षेप वजनदार आहे, आणि दुकानं तशी होती हेही खरं. पण ज्यांना ती नकोशी वाटली, त्यांनी सूचना केल्या नाहीत. त्या दारातून आत डोकावल्या आणि निघून गेल्या. आत उरलेल्यांना दुकान होतं तसंच आवडत होतं. त्यांच्या सूचना पुतळे काचेच्या कपाटात ठेवा की बाहेर, एवढ्यापुरत्याच होत्या. दरम्यान बाहेर काय झालं? जपानी मांगा वाचणाऱ्या मुलीबाळी मोठ्या पुस्तकांच्या दुकानांत जमिनीवर फतकल मारून वाचू लागल्या. रेना टेल्गेमायर यांचं दातांच्या तारांवरचं ‘स्माइल’ २०१० साली आलं, डेव्ह पिल्की यांचं ‘डॉग मॅन’ २०१६ साली, आणि दोन्ही पोराटोरांच्या हातांत गेली ती बरीचशी शाळेतल्या पुस्तक-जत्रांतून आणि साध्या पुस्तकांच्या दुकानांतून. कॉमिक्स वाचणाऱ्या लहान मुलांची आख्खी पिढी कॉमिक्सच्या दुकानाशिवाय तयार झाली. त्यांनी सूचनापेटीत एकही चिठ्ठी टाकली नव्हती. ज्या दुकानदारांनी वेळीच खालचे शेल्फ रिकामे करून तिथे मुलांची पुस्तकं लावली, त्यांनी पायांचं ऐकलं. आणि अशा वेळी नेहमीचं गिऱ्हाईक काय म्हणालं असेल, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको: “आमचे खोके का हलवले?”

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. तोंड फसवतं म्हणता, खिसा फसवत नाही कशावरून? फसवतो, आणि जबर फसवतो. १९९१ साली ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशी आला आणि दुकानांनी त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती उचलल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सुपरमॅन मेला. तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद आला, आत दंडाला बांधायची काळी फीत होती, आणि पुष्कळ शोकाकुल मंडळींनी पिशवी फोडलीच नाही, कारण फोडली तर भाव पडेल. म्हणजे सुपरमॅन कसा मेला हे न वाचताच त्यांनी सुतक पाळलं. खिसे ओसंडत होते, माल परत जाणार नव्हता, दुकानदाराने दुप्पट मागवला, आणि पाठोपाठ बाजार कोसळला. कित्येक दुकानं गेली. खुद्द मार्व्हलने १९९६च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा दिसला तो १९३८चा दहा सेंटचा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ २०२४ साली ६० लाख डॉलरला गेला. पण तो महाग झाला कारण पोरांनी तो वाचून फाडला, आयांनी रद्दीत दिला. जिच्या ८० लाख प्रती निघाल्या आणि लोकांनी जपून ठेवल्या, ती वस्तू दुर्मीळ कशी होणार, एवढी बेरीज कोणी केली नाही. तेव्हा माझं विधान जरा आवरून घेतो: खिसा वाचणाऱ्याचा असेल तरच ऐकावा. एकाच अंकाच्या पाच प्रती घेणाऱ्याला नमस्कार करावा, पैसे मोजून घ्यावेत आणि त्याच्या भरवशावर पुढच्या महिन्याचा आकडा वाढवू नये.

मग सरळ मतदान का घेऊ नये? तेही झालेलं आहे. १९८८ साली डीसीने बॅटमॅनचा दुसरा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगवायचा की मारायचा हे वाचकांवर सोपवलं. फोन करायचा, कॉलला ५० सेंट. मारा म्हणणारे ५,३४३ कॉल आले, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांच्या फरकाने पोर गेलं. मग एवढ्या लहान मुलाला मारलंच कसं म्हणून बोंब झाली, आणि २००५ साली तो कथेत परत आला, चांगला तगडा आणि भलताच चिडलेला. चिडणार नाही तर काय?

आता फ्री कॉमिक बुक डेची गोष्ट घ्या. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकानांतून कॉमिक्स फुकट वाटायची, ही या धंद्यातली गेल्या पंचवीसेक वर्षांतली सगळ्यात चांगली कल्पना. २००१ साली ती मांडली कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावचे दुकानदार जो फील्ड यांनी, आणि त्यांना ती सुचली फुकटच्या आइस्क्रीमसाठी लागलेली रांग पाहून. बोलणाऱ्यांकडे नाही, रांगेकडे त्यांचं लक्ष गेलं. पहिला दिवस ४ मे २००२ ला झाला, स्पायडर-मॅनचा सिनेमा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाय आपोआप वळतील अशाच वेळी. त्या दिवशीचे अंक गिऱ्हाइकाला फुकट असतात. दुकानदाराला त्यांचेही पैसे भरावे लागतात. हे ठाऊक नसल्यामुळेच असा दिवस दर महिन्याला असावा, अशी सूचना अधूनमधून येते.

एवढं सगळं म्हणून झाल्यावरही सूचना देणाऱ्याला हाकलून द्यावं, असं मी म्हणणार नाही. तो येतो, दर बुधवारी येतो, आणि पावसातही येतो. त्याचं काय करायचं हे मार्व्हलने १९६०च्या दशकातच दाखवून दिलं आहे. अंकांतल्या चुका काढणाऱ्या वाचकांची पत्रं थांबेनात, तेव्हा स्टॅन ली यांच्या मंडळींनी ‘नो-प्राइझ’ जाहीर केलं, आणि विजेत्यांना घरपोच एक पाकीट पाठवायला सुरुवात केली. वर अभिनंदनाचा मजकूर, आत काहीही नाही. वाचक खूश होते. आज ती रिकामी पाकिटं संग्राहक विकतसुद्धा घेतात. दुकानदाराने अशीच पाकिटं छापून गल्ल्याखाली ठेवावीत आणि प्रत्येक सूचनेमागे एक, दोन्ही हातांनी, आदराने द्यावं. पुढच्याच बुधवारी सूचना येईल, की पाकीट पिशवीत घालून, मागे पुठ्ठा लावून मिळावं, आणि चिकटपट्टी मागच्या बाजूला असावी.