चिठ्ठीत निघालेली शाळा

1877 साली कोलकात्याच्या विश्वनाथ दत्त वकिलांचा चौदा वर्षांचा नरेंद्र रायपूरला आला. गावात त्याच्याजोगी शाळाच नव्हती. मग वडिलांनीच शिकवलं. पोरगा बुद्धिबळ शिकला, स्वयंपाक शिकला, घरी येणाऱ्या विद्वानांशी वाद घालू लागला. दोन वर्षांनी परत गेला आणि प्रवेशपरीक्षेत पहिल्या वर्गात पास झाला.

आज रायपूरच्या बुढा तालाबात त्याचा पुतळा आहे. स्वामी विवेकानंद.

मग शाळेवाचून अडतं कुणाचं?

ज्याच्या घरी विश्वनाथबाबू नाहीत, त्याचं. बाप पहाटेच रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यात, आई चार घरची धुणीभांडी करायला. या पोराला पुस्तक, मैदान आणि प्रश्न विचारला तर न खेकसणारं मोठं माणूस मिळण्याची जागा एकच, शाळा.

सरकारला हे कळत नाही, असं कुणी म्हणू नये. 2020 मध्ये छत्तीसगड सरकारने स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यम शाळा सुरू केल्या. जुन्याच सरकारी इमारती, पण आत प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वर्गात शिक्षक. पालक खासगी शाळा सोडून इकडे अर्ज भरू लागले. अर्ज जास्त, जागा कमी. म्हणून सोडत.

म्हणजे चांगली शाळा उभी करता येते. मग ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याचा गुन्हा काय?

2025 मध्ये शाळांचं ‘युक्तियुक्तकरण’, म्हणजे शाळा आणि शिक्षकांची फेरवाटणी, निघालं, तेव्हा सरकारनेच आकडे सांगितले. त्याआधी 453 शाळांत शिक्षक नव्हता. 5,936 शाळांत एकच. एकटे गुरुजी सगळ्या इयत्ता सांभाळणार, हजेऱ्या भरणार, दुपारचं जेवण बघणार. मुलाच्या प्रश्नाला उत्तर कधी देणार?

आणि शिकवण्याचं सोडा, त्या जेवणाचंच बघा. जुलै 2025. रायपूरला लागून असलेल्या बलौदाबाजार जिल्ह्यातलं लच्छनपूर. शाळेच्या भाजीला कुत्र्याने तोंड लावलेलं मुलांनी पाहिलं. मोठ्यांना सांगितलंही. तरी तीच भाजी ताटात पडली.

78 मुलांना रेबीजची लस टोचावी लागली. उच्च न्यायालयाने त्या शाळेतल्या एकूण 84 मुलांना प्रत्येकी 25 हजार रुपये द्यायला लावले.

लस टोचली, पैशांचा आदेशही झाला. पण आपण खरं सांगितलं आणि मोठ्यांनी ऐकलं नाही, हे त्या शाळेत शिकलेलं या पोरांच्या मनातून कोण पुसणार?