चार आण्यांचा मसाला

आमच्या मेव्हण्याला कॅनडाची पीआर मिळाली आणि आम्हाला त्याचे स्पीकर. सोबत एक ट्रेडमिल आणि दोन मरणपंथाला लागलेल्या कुंड्याही आल्या, पण त्यांच्याबद्दल तो काही बोलला नाही. स्पीकर सोपवताना मात्र त्याचा गळा दाटून आला. "दाजी, एलएस ३/५ए आहेत. रॉजर्सचे. पंधरा ओहमचे. जपा."

खोकी उघडली तर आत जेमतेम फूटभर उंचीचे दोन लाकडी डबे. "एवढेसेच?" आमच्या सौ. म्हणाल्या, "बाकीचे कुठे आहेत?"

बाकीचे नव्हतेच. हे डबे बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीसाठी घडवले. गाडीत जागा नाही, आणि निवेदकाचा आवाज नैसर्गिक येतोय की नाही हे तर कळलंच पाहिजे, एवढीच अपेक्षा. म्हणजे माणसाचा आवाज खरा आणि ढोल बेताचा. गणपतीच्या मिरवणुकीच्या बरोब्बर उलट. त्यावर किशोरीताईंचं गाणं लावलं की त्या समोर बसल्यात असं वाटतं म्हणे. चांगली राखलेली जोडी आज लाखाच्या वर जाते.

हे 'म्हणे' यासाठी, की ॲम्प्लिफायर मेव्हण्यानं जायच्या आधीच विकला होता. त्याला गिऱ्हाईक आलं होतं.

घरात अंदाजपत्रकी अधिवेशन झालं. पंधरा हजार मंजूर, वायरींसकट. लोक म्हणतात चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. आमच्याकडे कोंबडी लाखाची होती आणि मसाल्याला चार आणेच उरले होते.

तशात ही कोंबडी खादाड निघाली. या स्पीकरची संवेदनशीलता ८२-८३ डेसिबलच्या आसपास. आजचे साधे स्पीकरही ८७-८८ देतात. पाचच डेसिबलचा तर फरक, असं वाटतं. पण डेसिबलचा कारभार सरळ नाही. तीन वाढवायचे तर वॉट दुप्पट करावे लागतात, दहा वाढवायचे तर दहापट, आणि एवढं करून कानाला आवाज वाटतो फक्त दुप्पट. ख्यालाची आलापी शांतपणे ऐकायला अर्धा वॉटही पुरतो. तबलजीनं तिहाई घेऊन समेवर थाप मारली की तोच आवाज क्षणभर १५-२० डेसिबलनं उसळतो, म्हणजे तीस ते शंभरपट वॉट तिथल्या तिथे हजर पाहिजेत. नसतील तर ॲम्प्लिफायर लाटेचे शेंडे छाटतो आणि सम तडकलेली ऐकू येते. दुसरीकडे, हा स्पीकर सोसतो पंचवीसेक वॉटच. तेव्हा तीस-चाळीस वॉट, स्वच्छ, पंधरा ओहमला. माझी मागणी एका ओळीत मावत होती.

पण ती ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. पुण्यात ॲम्प्लिफायर कोणाकडे असतो हे सांगता येणार नाही, त्याबद्दलचं मत मात्र सगळ्यांकडे असतं.

एक मित्र व्हॉल्व्हवाला. त्यानं मला घरी बोलावलं, ॲम्प्लिफायर तापायला वीस मिनिटं लागतील म्हणाला, आणि तेवढ्या वेळात आम्हीच तापलो. ३०० बी जातीचा ट्रायोड, आत तीन-चारशे व्होल्ट खेळतात आणि बाहेर येतात आठेक वॉट. दिसतो सुरेख. दिवे मालवून काचेच्या नळ्यांतला तो नारिंगी उजेड पाहत बसावं. "आवाजात ऊब बघ," तो म्हणाला. मे महिना होता, पंखा 'आवाज येतो' म्हणून बंद होता. ऊब बघावी लागत नव्हती. नुसत्या नळ्यांच्या जोडीची किंमत ऐकून मी सरबत मागितलं.

दुसऱ्याचं म्हणणं, जुना नॅड ३०२० शोध. याला मात्र हसता येत नाही. १९७८ साली एरिक एडवर्डसन नावाच्या नॉर्वेजियन इंजिनिअरनं हा साधासुधा, स्वस्त ॲम्प्लिफायर रचला. कागदावर २० वॉट, पण क्षणापुरता जोर लावायची वेळ आली की त्याहून बरंच जास्त देणारा. कोणीतरी छापील आकडा कमी सांगतो आणि माल जास्त देतो, हे वाचूनच मला गहिवरून आलं. पण चाळीस वर्षं उलटलेल्या कुठल्याही ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर संशयितच, आणि घरात सोल्डरिंग आयर्न चालवणारं कोणी नसेल तर हा छंद ॲम्प्लिफायरचा न राहता रिपेअरवाल्याचा होतो.

तापकीर गल्लीत गेलो. एका दुकानदारानं काउंटरवर एक खोकं आपटलं. त्यावर ज्वाळांचं चित्र आणि '२००० वॉट पीएमपीओ'. हा पीएमपीओ कसा मोजायचा याला कसलंही ठरलेलं माप नाही. छापणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा. मी डबा उलटा केला. पाठीमागच्या चिमुकल्या पट्टीवर लिहिलं होतं : वीजवापर ४० वॉट. भिंतीतून चाळीस घ्यायचे आणि स्पीकरला दोन हजार द्यायचे! महावितरणला हा पत्ता कळला तर कोयनेचं पाणी नुसतं प्यायला वापरता येईल. "साहेब, ते वाचायचं नसतं," दुकानदार म्हणाला, "ब्लूटूथ बघा ना."

सगळ्यात शहाणा निघाला आमचा मांडववाला. "किती ओहम?" हा प्रश्न मला विचारणारा तो पहिला. पंधरा म्हटल्यावर त्यानं आपला आहुजा फिरवला आणि पाठीवरच्या स्क्रूंच्या रांगेवर बोट ठेवलं. ४, ८, १६. "सोळाला लावा, काही होत नाही." हायफायवाले ज्या पंधरा ओहमवरून उसासे टाकतात, त्याची सोय सत्यनारायणाच्या मांडवात वर्षानुवर्षं आहे. अडचण एवढीच की तो मोनो होता, आणि चालू केल्यावर त्यातून 'हॅलो, माइक टेस्टिंग' आलं नाही तर तो दुखावेल असं वाटलं.

एव्हाना मला एका जुन्या प्रयोगाची माहिती मिळाली होती, आणि ती मी भेटेल त्याला देत होतो. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं दोनशे-सव्वादोनशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह-जोडीपर्यंतचे ॲम्प्लिफायर श्रोत्यांना न दाखवता ऐकवले. आवाजाची पातळी काटेकोर सारखी ठेवली होती. कोणता कुठला हे लोकांना ओळखता येईना. नाणं उडवून जेवढं बरोबर आलं असतं तेवढंच आलं. व्हॉल्व्हवाल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "त्या लोकांचे कान तयार नसतील." त्याच्या कानांची परीक्षा घेऊ या म्हटलं, तर त्याला सर्दी झाली.

माझं मत विचाराल तर स्पीकर आणि खोली यांत आवाज असतो. ॲम्प्लिफायरमध्ये असावा तो हिशोब. म्हणून शेवटी घेतली ती एक चिनी डबी. क्लास डी, तळहातावर मावणारी, तापत नाही, कसलाही रुबाब नाही. खोक्यावर दिमाखात : ३०० अधिक ३०० वॉट. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत : ४ ओहमला, १० टक्के विकृतीसह. आणि सोबतचा अडॅप्टर? ३२ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार करा, १६०. दोन्ही बाजूंना मिळून.

मी पेन्सिल घेतली. टोकाला ३२ व्होल्ट म्हणजे कामाचे साडेबावीस. त्याचा वर्ग पाचशेच्या घरात. भागिले पंधरा, तेहतीस-चौतीस. घट-तूट धरा, तीस. एका बाजूला तीस वॉट, स्वच्छ! खोक्यावरचा एकही आकडा खरा धरला नाही, तेव्हा कुठे मला हवा तो आकडा निघाला. वायरी धरून खर्च मंजुरीच्या आतच राहिला.

समेवरची थाप आता कोरडी, गोल येते. किशोरीताई समोर बसतात. सौंनी पहिला ख्याल पूर्ण ऐकला, हे या घरात क्वचित घडतं. मग डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"अहो, एवढ्याशा डबीत सहाशे वॉट?"

"छे. तीस-तीस. म्हणजे साठ."

"मग सहाशेचे पैसे का दिलेत?"

मी पेन्सिल शोधायला उठलो, तोवर त्या खोकं घेऊन दुकानदाराला फोन लावायला गेल्या होत्या.